गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका

संपादक महोदय,

हट्टी, घरावर हक्क गाजवणाऱ्या कुत्र्याला ‘मालक कोण ते एकदा दाखवाच’, पाठीवर पाडून दाबून धरा, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर १९४७ साली लिहिले, तिथून ‘वरचढ ठरेल तोच कळपाचा म्होरक्या’ ही वर्चस्वाची कल्पना पसरली आणि कुत्र्यांनाही लावली गेली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, हे संशोधक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. सल्ला मात्र हटत नाही.

मार खाल्ला की कुत्रा गुरगुरायचे थांबतो. त्यामागची भीती तशीच राहते. मग एक दिवस तो ‘काही कारण नसताना’ चावतो. कारण असते, फक्त इशारा आपणच बंद पाडलेला असतो.

वाडगा राखणाऱ्या कुत्र्यासमोरचे अन्न काढून घेऊन त्याला ‘सवय’ लावू नये. त्याने त्याचा संशय खराच ठरतो. तो ज्या अंतरावर निवांत खातो, समजा आठ फूट, तिथून रोजच्या खाण्यापेक्षा चविष्ट तुकडा वाडग्याजवळ टाकावा आणि लगेच मागे फिरावे. एका जेवणात चार-पाच वेळा पुरे. आपण दिसताच तो सैल अंगाने मान वर करून तुकड्याची वाट पाहू लागला, तरच अर्धा फूट पुढे सरकावे. खाता खाता एकदम थबकला, अंग ताठ झाले, डोळ्याच्या कडेचे पांढरे दिसले, की दोन फूट मागे. दोन दिवस बरे गेले म्हणून थेट वाडग्यात हात घालणे, इथेच बहुतेकांचे बिनसते. मुलांना हा सराव करू देऊ नये. कुत्रा खाताना ती दुसऱ्या खोलीत असावीत.

दाराशी भुंकण्याचे वेगळे. तो भुंकतो, सामान देणारा माणूस निघून जातो, आणि आपणच त्याला पळवले असे कुत्र्याला वाटते. म्हणून आधी बेल नसताना त्याला चटईवर बसायला शिकवावे, तीन सेकंदांपासून तीस सेकंदांपर्यंत. मग मोबाइलवर बेलचा हळू आवाज, खरी बेल सगळ्यात शेवटी. पाहुणे येतील तेव्हा पट्टा हातात हवाच.

शांत कुत्रा अचानक बिथरला, तर प्रशिक्षणाआधी पशुवैद्याकडून दात, कान आणि सांधे तपासून घ्यावेत. एकदा चावला असेल, तर जाळीचे मुसके वापरावे. त्यातून त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येते. कापडी पट्टीने तोंड आवळले तर तेही जमत नाही.

– एक श्वानप्रशिक्षक