पेढे कुणीच वाटले नाहीत

मोनाहन, आयर्लंड

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "काय रे, इंग्रज युरोपातून बाहेर पडले तेव्हा तुझ्या आयरिश लोकांनी पेढे वाटले असतील ना? आपल्यापेक्षा जास्त भोगलंय त्यांनी." तेवढ्यात वहिनींनी तुला जेवायला हाक मारली आणि विषय तिथंच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

पेढे कुणीच वाटले नाहीत, दिल्या. २०१६ सालच्या जूनची २४ तारीख, शुक्रवार. मी सकाळच्या पाळीला आमच्या दूध कारखान्याच्या डॉकवर, म्हणजे टँकर रिकामे करायच्या जागी, होतो. नेहमीप्रमाणे टँकरची रांग, झाकण उघडून सॅम्पल घ्यायचं, तापमान बघायचं, अँटिबायोटिकची पट्टी लावायची आणि ती निगेटिव्ह आल्याशिवाय दूध उतरवायचं नाही. उदगीरला शिकलो तेच. रेडिओवर ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघ सोडावा की नाही या सार्वमताचा, निकाल चालू होता. आमचे फोरमन, साठीला आलेले, एरवी सतत बोलणारे गृहस्थ. त्या दिवशी हातातला चहा गार होईपर्यंत गप्प उभे होते. समोर लागलेला टँकर उत्तरेकडच्या गावांमधून आला होता. त्याच्याकडे बघत एवढंच म्हणाले, "या दुधाचं आता काय करायचं, हे कुणी विचारलंय का तिकडे?"

इथलं सगळं दुखणं त्या एका प्रश्नात आहे. शत्रू गेला म्हणून आनंद नाही की मित्र गेला म्हणून रडारडही नाही. शेजाऱ्यानं मधली भिंत हलवायचं ठरवलं आणि भिंतीला टेकून आपलं घर उभं आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, त्याचं हे दुःख.

तू दूध संघात आहेस, तुला हे लगेच कळेल. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, आम्ही आयर्लंड प्रजासत्ताकात, पण उत्तरेतलं जवळजवळ एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत येतं. निपाणीकडचं दूध कोल्हापूरला येतं तसंच. आमचा एक टँकर तर एकाच फेरीत दोन्ही देशांतल्या गोठ्यांवरून फिरतो. आता उत्तर आयर्लंड युरोपीय बाजारपेठेच्या बाहेर गेलं असतं, तर ते दूध परदेशी झालं असतं. प्रत्येक खेपेला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, ठरावीक नाक्यावरच तपासणी. आणि टँकरमध्ये एकदा मिसळलेलं दूध वेगळं कसं करणार? दुधाचा कस मोजणाऱ्या फॅट-एसएनएफच्या मशीनला देश कळत नाही.

पण दूध हा त्यातला सोपा भाग. ही सीमा जवळजवळ ५०० किलोमीटर लांब आहे आणि तिला दोनशेहून जास्त ठिकाणी रस्ते ओलांडतात. आमच्या जिल्ह्यात क्लोनिस म्हणून गाव आहे. तिथून कॅव्हनला जाताना दहा-बारा किलोमीटरच्या आत तोच रस्ता सीमा चार वेळा ओलांडतो. आज कळतसुद्धा नाही. रस्त्याच्या कडेचा पिवळा पट्टा पांढरा होतो, वेगमर्यादेचे किलोमीटर जाऊन मैल येतात, बस. फोरमनना मात्र याच रस्त्यांचं दुसरं रूप पाठ आहे. त्यांच्या मामाचं घर पलीकडे दीड किलोमीटरवर. उत्तर आयर्लंडनं ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडला मिळावं, यावरून तीस वर्षं रक्तपात चालला. त्या काळात मधल्या छोट्या रस्त्यावर ब्रिटिश सैन्यानं खड्डे पाडले, काँक्रीटचे ठोकळे टाकले. मग रविवारी गावकरी ट्रॅक्टर घेऊन जायचे, दगडमाती टाकून रस्ता भरायचे. आठवड्यात सैन्य परत येऊन तो बंद करायचं. मामाकडे जायला तीस किलोमीटरचा वळसा. १७ मे १९७४ ला मोनाहनच्या भर गावात बॉम्ब फुटला आणि ७ माणसं गेली, तेव्हा फोरमन शाळेत होते. त्या तीस वर्षांत सगळे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास लोक मेले. १० एप्रिल १९९८ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, शांततेचा करार झाला. मग हळूहळू टेहळणीचे मनोरे उतरले, नाके गेले, रस्ते खुले झाले. मालाचे कस्टम नाके त्याआधीच, १९९३ मध्ये, युरोपच्या एकत्र बाजारपेठेमुळे उठले होते. म्हणून इथल्या माणसाला सीमेवर नुसतं एक कस्टमचं खोपटं उभं राहणार म्हटलं तरी पोटात गोळा येतो. खोपटं आलं की त्याच्या रक्षणाला शिपाई येणार, शिपायावर कुणीतरी गोळी झाडणार, मग सैन्य येणार. हा क्रम त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला समजायला बरीच वर्षं लागली. आयर्लंड आणि ब्रिटन युरोपच्या संघटनेत एकाच दिवशी गेले, १ जानेवारी १९७३ ला. त्याआधी या दोघांचं नातं कसं होतं? एक मालक, दुसरा कूळ. १८४५ नंतरच्या दुष्काळात बटाटा सडला, दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली आणि त्याच वेळी बंदरांतून धान्य इंग्लंडला जात होतं. स्वातंत्र्य मिळालं तरी आयरिश पाउंड १९७९ पर्यंत ब्रिटिश पाउंडालाच बांधलेला होता. युरोपीय संघाच्या ब्रसेल्समध्ये मात्र दोघं एका टेबलाला, सारख्या खुर्चीवर बसले. मंत्री मंत्र्याला भेटू लागले, अधिकारी अधिकाऱ्याला, आणि दोन देशांत बोलणं सोपं झालं. मला विचारशील तर आयरिश माणसाचं युरोपवरचं प्रेम बरंचसं इथून आलंय. ते आंधळं नाही बरं. २००८ मध्ये युरोपीय संघाच्या लिस्बन कराराला यांनीच आधी 'नाही' म्हटलं होतं आणि २०१० च्या कर्जाच्या अटींवर तर आजही चिडून बोलतात. पण ती खुर्ची यांना मोलाची आहे. ब्रिटन टेबलावरून उठला आणि दोघांना बरोबरीनं बसता येत होतं ती जागाच गेली.

म्हणून लोक चिडले ते 'विचारच केला नाही' या गोष्टीवर. उत्तर आयर्लंडनं तर जवळजवळ ५६ टक्के मतं राहण्याच्या बाजूनं दिली होती, पण एकूण बेरजेत ती बुडाली. आणि डिसेंबर २०१८ मध्ये एक ब्रिटिश खासदार म्हणाल्या की करार झाला नाही तर आयर्लंडला अन्नटंचाई होईल, हा मुद्दा वाटाघाटीत जोर लावायला वापरायला हवा होता. त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये मी पहिल्यांदा खरा संताप पाहिला. दुष्काळ इथं इतिहासाच्या पुस्तकात नाही राहिलेला, तो घराघरात आहे.

आणि तरीही हीच माणसं शनिवारी लिव्हरपूल, मँचेस्टरच्या मॅचला जीव टाकतात. फोरमनची सख्खी बहीण कॉव्हेंट्रीत आहे, तिची मुलं इंग्रजच म्हणायची. निकालानंतर त्या मुलांनी आयरिश पासपोर्ट काढले. भाच्याचा पासपोर्ट आला त्या दिवशी फोरमन मला म्हणाले, "आमची माणसं पोटासाठी तिकडे गेली, आता त्यांच्या मुलांना आमचा कागद लागतोय." विजयाचा सूर नव्हता त्यात, दिलीप. डोळे ओले होते.

वराडकरांचं तुला ठाऊकच आहे. त्या कठीण वर्षांत इथले पंतप्रधान मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरचे चिरंजीव होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये लिव्हरपूलजवळ ते ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना भेटले आणि वाटाघाटींची अडलेली गाठ सुटायला लागली. त्याच डिसेंबरात ते आईवडिलांसह वराडला गेले. माझ्या आईनं ती बातमी मराठी चॅनेलवर पाहून मला फोन केला होता. शेवटी ठरलं असं की उत्तर आयर्लंड मालापुरतं युरोपच्या नियमांत राहील आणि ब्रिटनहून तिथं येणाऱ्या मालाची तपासणी समुद्राच्या बंदरांवर होईल. आमचे टँकर चालू राहिले. पण उत्तरेत स्वतःला ब्रिटिश मानणारे जे लोक आहेत, त्यांना वाटलं की आपल्या आणि आपल्या देशाच्या मध्ये समुद्रात रेघ ओढली. त्यांच्या पक्षानं २०२२ पासून दोन वर्षं तिथलं सरकार चालू दिलं नाही. त्यांचंही दुखणं खोटं नाही. रेघ कुठंतरी पडणारच होती, कुणाच्या तरी दारातून जाणारच होती.

मला ही रेघ आधीपासून माहीत होती. मी २०१३ ला आलो तेव्हा फोरमन म्हणाले, "चल, पलीकडे आर्मामध्ये मासे-चिप्स खाऊ." सीमा आमच्यापासून जेमतेम आठ-दहा किलोमीटर. ना पाटी, ना शिपाई. पण माझा पासपोर्ट भारतीय, मला ब्रिटनचा व्हिसा हवा. मी नाही म्हटलं. त्यांना काही केल्या पटेना की मोकळा रस्ता एखाद्या माणसाला बंद असतो. २०१९ ला नागरिकत्व मिळालं, भारतीय पासपोर्ट परत करताना काय वाटलं ते तुला तेव्हाच लिहिलं होतं. त्याच आठवड्यात आम्ही दोघं आर्माला गेलो. पांढरा पट्टा सुरू झाला तिथं त्यांनी मुद्दाम गाडी हळू केली आणि काही न बोलता माझा खांदा दाबला.

येत्या मे महिन्यात तू आणि वहिनी येताय, तर व्हिसाचं नीट बघ. आयर्लंडच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' अशी अक्षरं असली तरच त्याच्यावर पलीकडे जाता येतं. मुंबईच्या केंद्रात अर्ज देताना विचारून घे. फोरमन आता निवृत्त झालेत, क्लोनिसच्या त्या रस्त्यानं तुम्हाला तेच नेणार म्हणतात. मामाचं घर अजून आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शरद