इतिहासाला कशाला हवी शिकवणी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलाला गणिताची शिकवणी लावली असं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही. इतिहासाची लावली म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "इतिहासाला कशाला हवी शिकवणी? वाचायचं आणि लिहायचं, एवढंच तर असतं." गेली बावीस वर्षं मी इतिहास, राज्यशास्त्र आणि भाषा हे विषय एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून शिकवते आहे. हा प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी ऐकावा लागतो. त्याचं नीट उत्तर द्यावं म्हणून हे पत्र.

वाचायचं आणि लिहायचं, हे खरंच आहे. पण लिहिलेलं वाचायचं कोणी? गणितातलं उत्तर चुकलं की पुस्तकाची शेवटची पानं उलटून मुलाला लगेच कळतं. इतिहासाच्या उत्तराला ती सोय नाही. पानभर लिहिलं, दहापैकी पाच गुण मिळाले आणि कडेला लाल शाईत शेरा आला, 'मुद्देसूद लिहा.' उरलेले पाच कुठे गेले, हे त्या मुलाला कोण सांगणार? यात मी वर्गशिक्षकांना मुळीच दोष देत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या एका उत्तरावर दहा मिनिटं बोलायचं म्हटलं तर ५०० मिनिटं लागतात. आठ तासांहून जास्त वेळ, आणि तोही एकाच प्रश्नासाठी.

काही वर्षांपूर्वी अकरावीतली एक मुलगी नेमका हाच शेरा घेऊन माझ्याकडे आली. प्रश्न होता पहिल्या महायुद्धाच्या कारणांचा. तिने सगळं लिहिलं होतं: लष्करी करार, शस्त्रस्पर्धा, साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, आणि शेवटी 'साराजेव्हो येथे ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड यांची हत्या झाली व युद्ध पेटले.' एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी तिला ते मोठ्याने वाचायला लावलं आणि त्या 'व'वर थांबवलं.

"हत्या कधी झाली?"

"२८ जून १९१४."

"आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाशी युद्ध कधी पुकारलं?"

तिने पुस्तक चाळलं. २८ जुलै.

"मग मधला महिनाभर काय चाललं होतं?"

ती गप्प झाली. आम्ही वहीच्या कोऱ्या पानावर २८ जून ते ४ ऑगस्ट अशा तारखा एकाखाली एक मांडल्या आणि ती जागा भरत गेलो. ५ आणि ६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला. २३ जुलैला सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला. ३० जुलैला रशियाने सर्व सैन्य सज्ज करण्याचा हुकूम काढला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं आणि ४ ऑगस्टला ब्रिटन त्यात उतरला. पान भरल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे मधे एवढे दिवस होते. थांबता आलं असतं. पण करार होते म्हणून एकजण हलला की दुसऱ्याला हलावंच लागलं." पाठ केलेल्या पाच कारणांतली दोन तिने स्वतःच्या हाताने एकमेकांना जोडली होती. त्या संध्याकाळी मी तिला नवीन असं फार थोडं सांगितलं. तिचंच उत्तर तिच्यासमोर ठेवून प्रश्न विचारले, एवढंच. पुढच्या वेळी ती उत्तर घेऊन आली तेव्हा त्यातली कारणं यादीसारखी उभी नव्हती, एकातून दुसरं निघत होतं. 'मुद्देसूद' म्हणजे काय, हे तिला कळलं होतं.

या विषयांत मुलांचं अडतं ते बहुधा इथेच. माहिती असते, पण ती कशासाठी सांगतो आहोत हे ठरलेलं नसतं. म्हणून माझे दोन प्रश्न ठरलेले आहेत, 'कशावरून?' आणि 'म्हणून काय?' सुरुवातीला मुलं वैतागतात. दोन-तीन महिन्यांनी लिहिता लिहिता तीच स्वतःला हे प्रश्न विचारू लागतात. राज्यशास्त्रात तर शब्दांपासूनच गाडं अडतं. राज्य, राष्ट्र आणि सरकार हे तीन शब्द मुलं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. निवडणुकीत सरकार बदलतं, पण राज्य तेच राहतं, एवढं एकदा समोरासमोर बसून उलगडलं की पुढची कितीतरी प्रकरणं आपोआप सुटतात. कवितेचं म्हणाल तर ती मोठ्याने वाचून घ्यावी लागते. मूल कुठे थांबतं, कशावर जोर देतं, यावरून त्याला अर्थ कुठपर्यंत लागला आहे ते लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या विषयांत स्वतःचं मत मांडावं लागतं आणि भरल्या वर्गात मत मांडायची अनेक मुलांना भीती वाटते. कोणी हसलं तर? चुकलं तर? माझ्याकडे एक मुलगा वर्षभर येत होता. पहिले चार महिने तो फक्त मान डोलवायचा. एके दिवशी क्रांतीवरचा धडा वाचताना हळूच म्हणाला, "मला हे पटत नाही." मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्या दिवशी आम्ही तेवढंच बोललो. त्याचं म्हणणं अर्धवट होतं, पुरावा तोकडा होता. पण तो कुठे तोकडा आहे हे त्याला शोधावंसं वाटलं, आणि त्याचा खरा अभ्यास त्या दिवसापासून सुरू झाला.

ही पद्धत नवीनही नाही. ऑक्सफर्डमध्ये एक प्राध्यापक आणि एक-दोन-तीन विद्यार्थी अशी बैठक ठेवून निबंधावर चर्चा करण्याची परंपरा आजही चालू आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असं नोंदवलं होतं, की स्वतंत्र मार्गदर्शन मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला. ते प्रयोग संभाव्यता आणि नकाशाशास्त्र या विषयांत झाले होते आणि नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम त्याहून कमी दिसला, हेही सांगायला हवं. फायदा होतो यावर मात्र संशोधकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. इतिहास-भाषेबद्दल मी जे म्हणते आहे ते माझ्यासमोर बसून गेलेल्या मुलांवरून.

अर्थात शिकवणी म्हणजे केवळ नोट्स उतरवून देणं असेल, तर तिचा काडीचाही उपयोग नाही, उलट नुकसानच आहे. तयार उत्तर पाठ करून आलेलं मूल प्रश्न जरा फिरवून विचारला की कोलमडतं. त्याहून वाईट म्हणजे मुलाचा निबंध शिक्षकानेच लिहून देणं. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की शिकवणी लावताना 'किती धडे पूर्ण करणार?' हे विचारू नका. 'आठवड्यात मुलाकडून किती लिहून घेणार आणि ते त्याच्यासमोर बसून तपासणार का?' हे विचारा. महिन्याभराने वही उघडून बघा. तिच्यात मुलाचंच अक्षर, मुलाचीच वाक्यं आणि खाडाखोड असेल तर काम नीट चाललं आहे.

ज्यांना शिकवणी परवडत नाही अशा मुलांचा विचार मनातून जात नाही. त्यांच्यासाठी शाळांनी आठवड्यातली एक तासिका राखून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. बाकीचा वर्ग शांतपणे लिहीत असताना शिक्षकांनी दोन मुलांना जवळ बोलवावं आणि त्यांच्याकडून त्यांचंच एक उत्तर मोठ्याने वाचून घ्यावं. पन्नासांच्या वर्गात प्रत्येकाची पाळी पंचवीस आठवड्यांत एकदाच येईल, हे मला माहीत आहे. तरीही माझ्याकडे आलेल्या त्या मुलीला २८ जून आणि २८ जुलै यांच्यामधला महिना दिसायला एकच संध्याकाळ पुरली होती.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका