कोठीतली प्रार्थना

अमळनेर,
१० जानेवारी

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा तपासणीचा अहवाल काल आला. गाठ काढावीच लागेल असे डॉक्टर म्हणतात, आणि शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी धुळ्याला आहे. बाकीचे फोनवर सांगेन. फोनवर जे सांगता येणार नाही, तेवढ्यासाठी हे पत्र.

त्या संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत मी बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, एकोणतिसाव्या अध्यायाचे अकरावे वचन वाचले आणि तुझ्या आईला म्हणालो, "बघ, देवाचे संकल्प हिताचे आहेत, महिन्याभरात तू उठून कामाला लागशील." तेव्हा तू म्हणालीस, "आप्पा, हे आपल्याला लिहिलेले नाही, बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेले आहे. वरच्याच वचनात सत्तर वर्षे दिली आहेत, म्हणजे ज्यांनी ते ऐकले त्यांतले बहुतेक तिकडेच मेले." त्यावर मी जे बोललो ते मंडळीतल्या वडीलधाऱ्याला शोभणारे नव्हते. शेवटच्या प्रार्थनेला तू हात जोडले नाहीस, हे मी डोळे मिटलेले असूनही पाहिले. पुण्यात तू प्रार्थना करतेस की नाही, हे मी विचारणार नाही.

तू गेल्यावर मी तो अध्याय पहिल्यापासून वाचला. चाळीस वर्षे भिंतीवरच्या कॅलेंडरात ते एकच वचन पाहत आलो आणि ते एका पत्रातले वाक्य आहे, हे कधी ध्यानातच घेतले नाही. शिवाय ते "तुम्हां"ला आहे. एकट्या माणसाशी देव "तू" म्हणून बोलतो, आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तो कोणालाही अहोजाहो करत नाही. मग हे सगळ्या लोकांना मिळून सांगितलेले आहे, एवढे तरी मला कळायला हवे होते. आदल्या अध्यायातला खोटा संदेष्टा हनन्या सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल, आणि लोकांना तेच ऐकायचे असते. तुझ्या आईला "महिन्याभरात" म्हणताना मी कोणाच्या जागी उभा होतो, हे त्या रात्री समजले आणि झोप लागली नाही.

पण ताई, तू दहाव्या वचनावर थांबलीस आणि मी अकराव्यावर. बाराव्यात लिहिले आहे की तुम्ही माझा धावा कराल, माझी प्रार्थना कराल आणि मी तुमचे ऐकेन. सत्तर वर्षे सांगून झाल्यावर लगेच प्रार्थनेची गोष्ट निघते. पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे शास्त्र साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघाले. इतक्या वर्षांच्या शब्दांच्या कामात त्यांचे गुडघे टेकणे सुटले नाही, मग तू... असो. उपदेश करायचा नाही असे ठरवून बसलो होतो. मास्तरकीची खोड आहे, क्षमा कर.

खरे सांगायचे तर तुझ्या शिक्षणाचा मला अभिमान आहे, आणि तो मी तुझ्यासमोर सोडून सगळ्यांसमोर बोलून दाखवतो. दिवाळीला तू सांगितलेली एक गोष्ट मी पाळकसाहेबांनाही सांगितली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात "आपल्या खोलीत जा, दार लावून घे" असे आहे, तिथला ग्रीक शब्द तामेइओन, म्हणजे धान्यसामान ठेवायची कोठी. कावळ्यांना कोठी नाही असे लूक लिहितो, तिथेही तोच. गरिबाच्या घरात बंद करता येईल असे दार बहुधा तेवढ्याच खोलीला असायचे, असे तू म्हणालीस, आणि मला एकदम मोठी माय दिसली.

आपल्या जुन्या घरात कडी लागायची ती फक्त कोठीला. ज्वारीच्या पोत्यांमध्ये जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा, अंधार, कळण्याच्या पिठाचा वास. पहाटे ती आत जाऊन आतून कडी लावायची, आणि मी बाहेर भुकेला बसून ऐकायचो : "बापा, मना पोरेसवर ध्यान ठेव." तिला अक्षर वाचता येत नव्हते. तिला शास्त्र कळले होते असेही मी म्हणणार नाही. दुसरी खोली नव्हती म्हणून ती तिथे बसायची. पण कडी काढून बाहेर आली की भाकरी थापताना तिचा चेहरा निराळा असायचा. वडील गेले त्या वर्षीही ती कोठीत जात होती आणि त्या वर्षी आतून काहीच ऐकू येत नसे. ती आत काय करत होती, हे मी तिला कधी विचारले नाही.

तूही कदाचित तशीच गप्प बसत असशील. तसे असेल तर मला चालेल. फक्त बसतेस का, एवढे कळव. पुन्हा विचारलेच मी.

गुरुवारी सकाळी नऊला तिला आत नेतील. बुधवारच्या रात्रीच्या एसटीने थेट धुळ्याला उतर, भाऊ स्टँडवर घ्यायला येईल. आत नेण्याआधी प्रार्थना कोणी करायची, हे तुझ्या आईने ठरवले आहे. ती म्हणते, "तुम्ही नको, ताई करेल." मी तिला काही उत्तर दिलेले नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. कोणते वचन वाचायचे ते तूच ठरव. मी मागे उभा राहीन.