अल्बममधली गोष्ट दोन गाण्यांच्या मधे घडते

संपादक महोदय,

सलग गोष्ट सांगणाऱ्या अल्बमविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कल्पना कशी सुचते यावर त्यात पुष्कळ आहे, बांधणीवर काहीच नाही. असे अल्बम फसतात ते बहुधा बांधणीतच.

चार मिनिटांच्या गाण्यात ध्रुवपदाची आवर्तनं वगळली तर जेमतेम शंभर-दीडशे शब्द मावतात. तेवढ्यात ‘मग तो गेला, मग ती रडली’ असं निवेदन सुरू झालं की गाणंही जातं आणि गोष्टही. म्हणून आधी कथा एका पानात लिहावी, तिचे दहा-बारा प्रसंग पाडावेत आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी नोंदवाव्यात: कोण बोलतंय, कोणाला, कोणत्या क्षणी, आणि गाणं संपेपर्यंत काय बदललं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग गाळावा, फार तर वाद्यसंगीतावर सोडावा. प्रवास, लग्न, मधली दहा वर्षं हे सगळं दोन गाण्यांच्या मधे उरकू द्यावं. पुढच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळींवरून ऐकणारा ते ताडतो.

‘गीतरामायणा’ची ५६ गीतं बहुतांशी अशीच, कुणाच्या तरी तोंडून, एकेका प्रसंगी उमटलेली. पण तिथे कथा श्रोत्यांना आधीच ठाऊक होती, त्यामुळे कवीला भावनेवर निवांत रेंगाळता आलं. नवी कथा रचणाऱ्याला ही सवलत नाही. त्याने पात्राचं नाव आणि नातं पहिल्या दोन गाण्यांतच कानावर घालावं, तेही ओळीच्या सुरुवातीला आणि वाद्यं खाली असताना. ड्रम्सच्या गदारोळात गेलेलं नाव परत मिळत नाही.

खरी अडचण ध्रुवपदाची. कथा पुढे धावते आणि ध्रुवपद तिला दर मिनिटाला मागे ओढतं. त्यावर उपाय असा की शब्द तेच ठेवून अंतरे असे लिहावेत की दर वेळी त्यांचा अर्थ फिरेल. पहिल्यांदा वचन वाटलेली ओळ तिसऱ्यांदा धमकी वाटली, तर ते ध्रुवपद कथेचं काम करतंय. शेवटी एखादाच शब्द बदलणंही चालतं, पण ही युक्ती अख्ख्या अल्बममध्ये एकदाच. दुसऱ्यांदा ती चलाखी दिसते. एकच गायक दोन पात्रं गात असेल तर नुसता आवाज बदलून भागत नाही. सप्तक, ओळीची लांबी, तू-तुम्ही, सगळंच वेगळं लागतं.

क्रमाचा विचार आधी तबकडीच करायला लावायची. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं, त्यामुळे कथेचे नाटकासारखे अंक आपोआप पडत. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द वॉल’मध्ये (१९७९) शेवटी तुटलेलं वाक्य अल्बमच्या सुरुवातीला पुरं होतं. आज गाणी सुटी ऐकली जातात. त्यामुळे प्रत्येक गाणं एकटंही उभं राहायला हवं, आणि ज्यांचे सांधे जोडलेले आहेत त्यांचं मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात, एकत्रच व्हायला हवं. एमपी३ करताना फाइलच्या दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटते आणि सांध्यावर खटका ऐकू येतो. म्हणून आवाजातलं काही न गाळणाऱ्या वेव्ह किंवा फ्लॅक फाइलच पाठवाव्यात.

परीक्षणकर्त्यांनीही असा अल्बम एकदा तरी क्रमाने, शब्दांचा कागद न बघता ऐकावा आणि कथा कितव्या गाण्याला हातातून सुटली तो आकडा परीक्षणात छापावा, ही विनंती.

– एक वाचक