इम्प्लांटचा इतिहास पण छापा की

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत कॉस्मेटिक सर्जरीवर पानभर लेख आला, खर्च किती, सुट्टी किती लागते, साइज कशी निवडायची सगळं होतं, पण ब्रेस्ट इम्प्लांटचा साठ वर्षांचा इतिहास आहे त्यावर एक ओळ नाही. ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी बाईला तोच कळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पूर्वी स्तन मोठे दिसावेत म्हणून पॅराफिन (एक प्रकारचं मेण) टोचायचे, महायुद्धानंतर जपानमध्ये पातळ सिलिकॉन थेट इंजेक्शनने द्यायचे, त्याने गाठी व्हायच्या, कातडी सडायची, त्या मानाने पिशवीत बंद केलेलं सिलिकॉनचं जेल, म्हणजेच इम्प्लांट, ही मोठी सुधारणाच. ते पहिल्यांदा बसवलं १९६२ मध्ये ह्यूस्टनला, डॉ. क्रोनिन आणि डॉ. गेरो यांनी. त्याआधी फक्त एका कुत्रीवर करून बघितलेलं! आणि जिला बसवलं ती सहा मुलांची आई धर्मादाय हॉस्पिटलात आली होती छातीवरचा टॅटू काढायला, इम्प्लांट बसवू का असं डॉक्टरांनी विचारल्यावर ती म्हणाली त्यापेक्षा माझे कान नीट करा, मग कानांचंही करून दिलं. गरीब बाई, तिने मागितलं काय आणि तिच्यावर केलं काय, वाचून फार वाईट वाटलं.

अमेरिकेत अशा वस्तूंच्या तपासणीचा कायदा आला १९७६ ला, पण आधीपासून बाजारात असलेली इम्प्लांट्स तशीच विकली गेली. १९९२ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, सुरक्षिततेचा पुरावा पुरेसा नाही म्हणून जेलवाली जवळजवळ थांबवली, खटल्यांमुळे ती बनवणारी डाऊ कॉर्निंग कंपनी १९९५ ला दिवाळखोरीत गेली. १९९९ च्या मोठ्या अहवालात संधिवातासारख्या आजारांशी संबंध सापडला नाही हेही सांगायला पाहिजे, पण इम्प्लांट फुटणं, भोवती कडक आवरण धरणं, परत ऑपरेशन लागणं हे त्रास खरेच निघाले. २००६ ला जेलवाल्यांना पुन्हा परवानगी मिळाली.

फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने तर सरळ फसवणूक केली, मेडिकलच्या जागी स्वस्तातलं इंडस्ट्रियल सिलिकॉन भरलं, २०१० मध्ये उघड झालं तोवर जगभरात लाखो बायकांच्या अंगात ते होतं. मग २०१९ ला ॲलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. इम्प्लांट जागेवर बसावं म्हणून तो खरखरीतपणा दिलेला, आणि त्याचाच संबंध एका दुर्मिळ लिम्फोमाशी (एक प्रकारचा कॅन्सर) निघाला.

ज्यांना हवंय त्यांनी जरूर करावं, कॅन्सरमध्ये स्तन गेलेल्या कितीतरी जणींना याचा आधार आहे, बायकांना नटवी म्हणून नावं ठेवणाऱ्यांचा तर मला रागच येतो. पण इम्प्लांट जन्मभर टिकत नाही हे डॉक्टरांनी आधी सांगावं आणि खोक्यावरचा कंपनी, मॉडेल, लॉट नंबरचा स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवून द्यावा, नाही दिला तर मागून घ्या, कारण उद्या एखादा लॉट परत मागवला तर तो आपल्याच अंगात आहे का हे त्या नंबरवरूनच कळतं. तेवढं पुढच्या पुरवणीत ठळक छापा.

– एक वाचक, सांगली