मनू, रविवारचं मनात ठेवू नकोस

प्रिय मनू,

रविवारी तू लाडवांचा डबा न घेताच गेलीस. शू रॅकवर तसाच राहिला. बाबा रिक्षा वळेपर्यंत खिडकीत उभे होते आणि मग माझ्याशी एक शब्द न बोलता टीव्ही लावून बसले, म्हणजे तुला कळलंच असेल. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस म्हणून लिहितेय. सगळं वाच आधी, मग बोलू.

"आपली ओवी काय प्रयोगातला उंदीर आहे का" हे मी केदाररावांसमोर बोलायला नको होतं. चुकलं माझं. तू हॉस्पिटलच्या ज्या अभ्यासात भाग घेतेयस त्याचं, सेंटर टेबलवर विसरलेलं ते माहितीपत्रक रात्री मी दोनदा वाचलं, मराठीत आहे ते बरंय. ओवीला काहीच द्यायचं नाहीये, ना औषध ना पावडर. कामावर परत जाणाऱ्या बायका दूध काढायचा पंप कधी लावतात, कुठे बसून लावतात, किती मिनिटं, दूध किती निघतं, ते कसं साठवतात आणि घरी नेतात, एवढंच ८ आठवडे डायरीत लिहायचं. कधीही सोडता येतं, कारण सांगावं लागत नाही, सोडलं म्हणून तिथले उपचार बदलत नाहीत, नाव कुठे छापून येत नाही आणि तक्रार असेल तर एथिक्स कमिटीचा वेगळा नंबर दिलाय. तू तो कागद घरी आणून वाचलास, पेन्सिलीने प्रश्न लिहिलेस आणि मगच सही केलीस. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मी कुठे कुठे सह्या केल्या ते मला आजही माहीत नाही ग. तुझ्या त्या पेन्सिलीच्या खुणा बघून मला फार बरं वाटलं, ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण मला भीती वाटते ती त्या रकान्याची. "दूध (एमएल)" लिहिलेल्या.

शुक्रवारी रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तेव्हा तू हॉलमध्ये बसली होतीस, पंपाची घरघर थांबली होती आणि तू बाटली दिव्यासमोर डोळ्यांच्या रेषेत धरून बघत होतीस, ४० च्या रेघेला पोचलं नव्हतं, तू बाटली जरा तिरकी केलीस आणि परत सरळ केलीस. मी दारातूनच मागे फिरले. ती तिरकी केलेली बाटली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये.

तूच मला समजावलंस की पंपातून निघतं तेवढंच दूध असतं असं नाही, बाळ ओढतं तसं मशीन ओढत नाही, टेन्शन असलं की पान्हा लवकर सुटत नाही. मला समजलं. पण तू स्वतःला समजावलंस का? ओवीचं वजन वाढतंय, दिवसातून सहा सात वेळा लंगोट ओले होतात, तेवढं बघ ना. त्या बाटलीवरच्या रेघा तुझे मार्क नाहीत मनू. तू दहावीला ९१ पडले तरी रडलेलीस म्हणून म्हणते.

लेक्चर झालं बघ. ते द्यायचं नव्हतं मला.

खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. २६ जुलै २००५ तुला आठवतो, तू दहा वर्षांची होतीस, तू बाबांबरोबर मेणबत्ती धरून चिनूला वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजलंस, ते तू सगळ्यांना सांगतेस. माझी बाजू मी कधी सांगितली नाही. चिनू चार महिन्यांचा, तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची असायची, तुमची २६ ची २०१७ मध्ये झाली, त्यामुळे मी जूनमध्येच मरोळच्या ऑफिसला जायला लागलेले. त्या दिवशी ट्रेन बंद, फोन बंद, लाइट गेलेली, आम्ही पंधरा-सोळा जण दुसऱ्या मजल्यावर अडकलो. रात्री आठनंतर छाती दगडासारखी झाली, ब्लाउज भिजला, पदर पुढे ओढून बसले. पॅन्ट्रीत जाऊन चहाच्या स्टीलच्या पेल्यात हाताने पिळून काढलं, अकाउंट्समधली मर्लिन दाराशी पाठ करून उभी राहिली. अर्धा पेला निघालं. आणि ते बेसिनमध्ये ओतलं. त्या रात्रीत तीनदा ओतलं. घरी माझं पोर उपाशी आहे की झोपलंय काही कळायला मार्ग नाही आणि मी दूध बेसिनमध्ये ओततेय.

सकाळी पवईवरून चालत मुलुंडला आले, दुपार झाली. दोन दिवसांनी गाठी धरल्या, थंडी वाजून ताप आला, आणि तापातलं दूध बाळाला बाधतं असं सगळ्या बायका म्हणाल्या म्हणून मी पाजायचं बंद केलं. आता तू सांगतेस की तेव्हा तर पाजत राहायला हवं होतं, साचून राहिलं की शरीर आपोआप बनवणं कमी करतं, रिकामं झालं की परत भरतं. मला कोणी सांगितलं नाही ग. पंधरा दिवसांत आटलं. चिनूला त्यानंतर सर्दी झाली तरी मला वाटायचं माझ्यामुळे झाली. वीस वर्षं मी माझ्यातच काहीतरी कमी होतं असं धरून चाललेय आणि शुक्रवारी तुला ती बाटली तिरकी करताना बघितलं तेव्हा काळजात धस्स झालं. मग ते रविवारी असं वेड्यावाकड्या शब्दांत बाहेर पडलं.

त्या डायरीत ऑफिसमधली जागा कशी आहे ते लिहायला रकाना आहे ना? मग सगळं लिही. खोली म्हणून दिलीय ती स्टोअर आहे, प्रिंटरच्या कागदाच्या खोक्यांवर बसावं लागतं, कडी लागत नाही, बाहेरून कोणीतरी हँडल फिरवतं. कमी निघालं त्या दिवशी कमी लिही, पण त्याच्या शेजारी ते हँडल पण लिही.

वसूमावशीचा आदित्य सायन हॉस्पिटलला सातव्या महिन्यात झालेला, त्याला पहिले काही दिवस मिल्क बँकेतलं दूध दिलं होतं. १९८९ ला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. कोणत्या बायकांचं दूध ते वसूला कधी कळलं नाही. परवा तिला तुझ्या डायरीचं सांगितलं तर ती म्हणाली, मनू आपलीच आहे, करणारच.

आता थोडं, चिडू नकोस. ऑक्टोबरचा उकाडा आहे, काढलेलं दूध बाहेर ४ तासांच्या वर नको आणि ते पण २५ डिग्रीला, संध्याकाळच्या बोरिवली लोकलमध्ये कुठली आलीय २५ डिग्री, आइस पॅकची बॅग विसरू नकोस. फ्रीजच्या दारात ठेवू नकोस, आत मागे ठेव. पंपाचं फनेल टोचतं म्हणालीस, ते सिस्टरला दाखव, साइज चुकला की दुखतं आणि निघतंही कमी. जेवतेस का? दुपारी डबा पूर्ण खातेस का? काल रात्री किती नि... नको, ते सांगू नकोस. विचारणार नाही असं ठरवलंय मी.

शनिवारी चिनू येतोय अळीवाचे लाडू घेऊन, त्याला ओवीच्या उष्टावणाची तारीख पण सांग, सातव्यातच करू, मामा म्हणून त्याने चांदीची वाटी आधीच बघून ठेवलीय. आणि आमच्या फ्रीजरचा वरचा कप्पा रिकामा केलाय, सुरमई बाबांनी दोन दिवसांत संपवली, आत सोडा लावून पुसून ठेवलंय, वास अजिबात नाही. इथे याल तेव्हा काढलेल्या दुधाच्या पिशव्या त्यात ठेव.

तुझी,
आई