आधी खातेउतारा, मग नोटीस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक वसाहतींमधल्या भाडे थकवणाऱ्यांवर कारवाई होणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. ‘वर्षानुवर्षे भाडे बुडवणारे’ असे शब्द तिच्यात आहेत. दीड वर्ष मीही त्याच यादीत होते. त्या काळात आणि त्याच्या आधीही माझे एका महिन्याचे भाडे चुकलेले नव्हते, म्हणून हे पत्र.

मी एकसष्ट वर्षांची. एकोणतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लग्न केले नाही, वडिलांपाशीच राहिले आणि ते गेल्यावरही त्याच गाळ्यात राहते. गाळा एका सार्वजनिक संस्थेच्या मालकीचा. तिचे नाव लिहीत नाही, कारण जे घडले त्यात कोणा एकाचा दुष्टपणा नव्हता आणि दुसरीकडे वेगळे घडत असेल असेही मला वाटत नाही.

नोटीस आली ती वडिलांच्या नावाने. ते जाऊन सहा वर्षे झाली होती आणि भाडेहक्क माझ्या नावावर करण्याचा अर्ज त्याच कार्यालयात पडून होता. मजकूर चार ओळींचा : गाळा क्रमांक १९, ४३ महिन्यांचे भाडे थकीत, १५ दिवसांत भरावे, अन्यथा निष्कासनाची, म्हणजे घरातून बाहेर काढण्याची, कारवाई. कोणत्या महिन्यापासून, हिशेब कसा केला, यातले काहीही नाही.

पावत्यांची पिशवी घेऊन खिडकीवर गेले. तिथल्या मुलाने संगणकात पाहिले. ‘मावशी, एकोणीस नंबरला काही जमाच नाही.’ मी पिशवी पुढे केली. ‘पावत्या असतील हो, पण सिस्टीमला दिसायला पाहिजे ना!’ तो उद्धट नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. त्या महिन्याचे भाडे मात्र त्याने घेतले नाही. आधी थकबाकी, मग चालू भाडे, असा म्हणे नियम. कुठला नियम, ते त्यालाही दाखवता आले नाही.

धाकटा भाऊ म्हणाला, ‘ताई, भरून टाक, मी अर्धे देतो, डोक्याची कटकट जाईल.’ मलाही एक-दोन रात्री तसे वाटले, खोटे कशाला सांगू? पण न केलेली थकबाकी मुकाट्याने भरणे म्हणजे ती कबूल करणेच. आणि नावावर थकबाकीदाराचा शिक्का असलेल्या माणसाच्या हस्तांतरणाच्या अर्जाचे काय होणार, ते सांगायला नको. ओळखीच्या वकीलबाईंनी सुचवले तसे केले : दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चालू भाड्याचा धनादेश स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि सोबत एक ओळ, ‘हे चालू भाड्यापोटी आहे, नोटिशीतील थकबाकी मला मान्य नाही.’ पुढे सुनावणीत हीच ओळ कामाला आली. ‘भाडे भरण्याची यांची इच्छाच नाही’ असे कोणाला म्हणता आले नाही.

तोंडी बोलणे त्या दिवसापासून बंद केले. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक. शिक्का मारायला कोणी का कू केले, तर ‘मग हाच कागद पोस्टाने येईल’ एवढे सांगायचे. बहुधा लगेच शिक्का सापडतो.

इथे थोडे कायद्याचे. आमच्या छापखान्यात कायद्याची पुस्तके छापली जात. समजून घेऊन वाचायला मला कोणी सांगितले नव्हते, पण वाचले जायचे. खासगी घरमालकाच्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याची ढाल असते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात तर, भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याजवळ राहणारा घरातला माणूसही भाडेकरू मानला जातो. पण हाच कायदा शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना लागू नाही. आमच्यासारख्यांचे हस्तांतरण मालक संस्थेच्या स्वतःच्या नियमांवर चालते आणि निष्कासनाची सुनावणी तिच्याच सक्षम प्राधिकाऱ्यासमोर होते.

ही सूट का, हा प्रश्न जुना आहे. बॉम्बे हाउसिंग बोर्डाच्या एका भाडेकरूने, बाबूराव शांताराम मोरे यांनी, तो थेट सर्वोच्च न्यायालयात नेला होता. इतरांना जे संरक्षण आहे ते बोर्डाच्या भाडेकरूंना का नाही, असे त्यांचे म्हणणे. १९५४ मध्ये न्यायालयाने सूट योग्य ठरवली. बोर्ड नफ्यासाठी घरे बांधत नाही, लोकांची निवाऱ्याची अडचण दूर करण्यासाठी बांधते, म्हणून ते खासगी मालकाहून वेगळे, असे कारण दिले. पुढे १९८९ मध्ये मुंबई बंदराच्या विश्वस्तांविरुद्ध द्वारकादास मर्फतिया यांच्या पेढीचा खटला निकाली निघाला. त्यात न्यायालयाने याच विचाराची दुसरी बाजू मांडली : सूट मिळाली ती सार्वजनिक संस्था खासगी मालकासारखी वागणार नाही या भरवशावर, तेव्हा भाडेकरूला काढतानाही तिची कृती सकारण आणि लोकहिताला धरून असली पाहिजे. खटला ती पेढी हरली, तत्त्व मात्र टिकले.

माझ्या पहिल्या लेखी अर्जात मी हे दोन्ही निकाल घातले होते. त्याचा काही उपयोग झाला असे वाटत नाही. कार्यालयाला निकाल नको असतो, कागद हवा असतो. म्हणून मी कागदाच्या मागे लागले.

माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज केला. बहुतेक लोक त्यात प्रश्न विचारतात : ‘थकबाकी का दाखवली?’ त्यावर ‘नोंदीनुसार’ असे एका शब्दाचे उत्तर येते. मी प्रश्न विचारला नाही. गाळ्याचा महिनावार खातेउतारा मागितला, आणि नस्ती (म्हणजे फाइल) व जुनी भाडे नोंदवही स्वतः पाहण्याची परवानगी. या कायद्यात अभिलेख पाहण्याचाही हक्क आहे, हे फार जणांना माहीत नसते. ३० दिवस गेले, उत्तर नाही. प्रथम अपील केले. मग पत्र आले : अमुक दिवशी अकरा वाजता या.

त्या दिवशी जे दिसले ते आयुष्यभर लक्षात राहील. जुनी नोंदवही हाताने लिहिलेली. वडिलांच्या नावापुढे गाळा क्रमांक १९. पण लिहिणाऱ्याने नऊची शेपटी अशी आखडून काढलेली, की तो एक वाटावा. नोंदी संगणकावर चढवताना कोणीतरी ११ वाचले. मागणीची यादी गाळ्यांच्या मूळ यादीवरून निघाली, तिथे १९ बरोबर होता. जमा मात्र नावावरून होत गेली, तिथे ११. अकरा क्रमांकाचे खाते तर दुसऱ्याच कुटुंबाचे. नाव आणि क्रमांक जुळेना, म्हणून माझे पैसे दर महिन्याला उचंत खात्यात, म्हणजे कोणाचे ते न ठरलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवतात त्या खात्यात, जाऊन पडत होते. ४३ महिने! संगणक आला त्या महिन्यापासून मोजा, बरोबर तेवढेच भरतात.

आता माझी लाज सांगते. घरी येऊन पिशवी उपडी केली. प्रत्येक पावतीवर, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, गाळा क्रमांक ११ छापलेला. एकोणतीस वर्षे लोकांच्या चुका शोधून पोट भरले आणि स्वतःची पावती एकदाही वाचली नाही. खिडकीवरच्या मुलाला काय दोष द्यायचा!

सुनावणीत नोंदवहीच्या पानाची साक्षांकित प्रत, ४३ पावत्या आणि स्पीड पोस्टच्या पोचपावत्या तारीखवार लावून ठेवल्या. घरमालकाचाच अधिकारी न्याय करणार म्हणून मी धास्तावले होते. पण त्या बाईंनी सगळे कागद शांतपणे पाहिले आणि लेखा विभागाला उचंत खात्याचा मेळ घालायला सांगितले. पुढच्या तारखेला नोटीस मागे घेतली, लेखी. त्या लेखी आदेशासाठी मी आणखी तीन आठवडे हेलपाटे घातले. ‘झाले तुमचे काम, जा आता’ यावर घरी परतू नका, हे माझे इतर भाडेकरूंना सांगणे. झालेल्या कामाचा कागद नसेल, तर पुढच्या वेळी संगणकाला ते दिसत नाही. माझ्याच बाबतीत मूळ रक्कम शून्य झाल्यावरही तिच्यावरचे दंडनीय व्याज चार महिने खात्यावर उभे होते. ते म्हणे दुसऱ्या तक्त्यात असते.

संपादक महोदय, वर्षानुवर्षे भाडे बुडवणारे वसाहतींमध्ये आहेत, हे मी नाकारत नाही. आमच्याच जिन्यावर एक आहेत आणि गाडी धुताना रोज भेटतात. त्यांच्याकडून वसुली व्हायलाच हवी. पण एकाच छापाची नोटीस त्यांनाही जाते आणि मलाही. प्रत्येक नोटिशीला महिनावार खातेउतारा जोडला, तर माझ्यासारखीची चूक पहिल्याच दिवशी उघडी पडेल, आणि त्या गृहस्थांना ‘मला माहीतच नव्हते’ म्हणता येणार नाही. उतारा संगणकातच असतो, कागद तेवढा लागेल. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणे कळवा, असे माहिती अधिकाराच्या चौथ्या कलमात लिहिलेलेच आहे. ती मिळवण्यासाठी भाडेकरूला अर्ज, अपील आणि सुनावणी का करावी लागते?

दुसरी मागणी हस्तांतरणाची. अर्ज फेटाळायचा असेल तर फेटाळा, पण कारण लिहून द्या, म्हणजे अपील तरी करता येते. सहा वर्षे ‘प्रक्रियेत आहे’ या उत्तरावर कुठेच दाद मागता येत नाही. माझा अर्ज अखेर गेल्या महिन्यात मंजूर झाला. माझ्या नावाची पहिली भाडेपावती मिळाली. या वेळी खिडकीसमोर उभी राहून, चष्मा लावून, कोपऱ्यापर्यंत वाचली. गाळा क्रमांक १९ बरोबर आहे. आडनावाची वेलांटी चुकली आहे. दुरुस्तीचा अर्ज तिथल्या तिथे लिहून दिला आणि शिक्का घेतला.

आपली,
एक भाडेकरू
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)